फेलिपाची पक्की पेटी

१५ एप्रिल, शनिवार

आज सकाळी मक्याच्या पेरणीसाठी रान पेटवलं. वारा सुटायच्या आत म्हणून उजाडताच गेलो. कडेचा पट्टा साफ केला, गुडघे टेकून कपाळावर क्रूस काढला आणि काडी ओढली. आग शहाण्यासारखी चालली होती. तेवढ्यात उतारावरच्या पाचोळ्यातून ती बाहेर आली. लांबीला माझ्यापेक्षा थोडी कमी, मनगटाएवढी जाड, अंगभर तपकिरी नक्षी. अजगराच्या जातीची, बिनविषारी. इथे तिला मासाकुआता म्हणतात. धुराने भांबावून ती आगीकडेच वळत होती. मी अंगातला शर्ट तिच्यावर टाकला आणि शर्टासकट उचलून पोत्यात घातली. बोटाला चावली. ते मी मनावर घेतलं नाही.

घरी येईपर्यंत सगळा प्लॅन तयार होता. माझ्या आजोबांच्या मक्याच्या कोठारात अशीच एक असायची. उंदीर त्या कोठाराचा रस्ता विसरले होते. आमच्या कोठारात मात्र उंदरांचं लग्नकार्य चालू असतं.

एलोदिया, माझी बायको, दारातच उभी होती. पोत्याकडे बघून म्हणाली, काय आणलंत? मी म्हणालो, उंदरांवर इलाज. ती म्हणाली, इलाज हलतोय.

मग वाद झाला. यंदा गावच्या सान आंतोनियोचा मान आमच्याकडे आहे. मागच्या जूनपासून मूर्ती आमच्या पुढच्या खोलीत आहे. लग्न झाल्यापासून मी या मानाची वाट बघत होतो. आता कुठे पाळी आली. १३ जूनला सण आमच्या अंगणात होईल आणि मग मूर्ती पुढच्या मानकऱ्याकडे जाईल. सणाआधीच्या प्रत्येक मंगळवारी गावातल्या बायका प्रार्थनेला येतात. एलोदियाचं म्हणणं, संत आणि साप एका छपराखाली नकोत. मी शांतपणे सांगितलं की सान आंतोनियोने समुद्रकाठी माशांना उपदेश केला होता, त्याला कुठलाच जीव परका नाही. ती म्हणाली, ते मासे घरभर हिंडत नव्हते.

कोठारात मोकळी सोडायचं तर तिथे एलोदियाच्या कोंबडीची पिल्लं. म्हणून पेटी. कोठाराशेजारच्या पडवीत ठेवीन. उंदीर वासानेच पळतील.

निश्चय: उद्या संध्याकाळपर्यंत पक्की, सेफ पेटी तयार.

१६ एप्रिल, रविवार

पेटी झाली. सरबताच्या बाटल्यांची दोन खोकी तोडून केली. वर झाकण, झाकणावर दगड. हवेसाठी चारी बाजूंना भोकं पाडली. भोकं किती मोठी ठेवायची याचा नीट विचार केला. स्वतःची मूठ घालून बघितली. मूठ जात नाही. फेलिपा माझ्या मुठीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

नाव फेलिपा ठेवलं. माझी एक आत्या होती, अशीच शांत.

एलोदिया पेटी बघून चुलीकडे परत गेली. कौतुक करायचा तिचा स्वभाव नाही.

१७ एप्रिल, सोमवार. सकाळ

दगड जागेवर. झाकण जागेवर. फेलिपा नाही.

दुपार

सापडली. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत. टोपलीत हात एलोदियाने घातला.

पेटीत दोष नाही. दोष भोकांत आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

सगळी भोकं मक्याच्या रिकाम्या कणसांनी ठोकून बंद केली. मग हवेचा प्रश्न आला. फळ्यांच्या फटींतून पुरेशी हवा येते असं माझं मत झालं.

संध्याकाळी प्रार्थना नीट पार पडली. प्रार्थना सांगायला पेत्रामावशी असते. गावातली सगळ्यात म्हातारी तीच, आणि कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. जाताना मला म्हणाली, काय रे सिक्स्तो, तुझ्या घरात नवं माणूस आलंय म्हणे? मी म्हणालो, माणूस नाही मावशी, फेलिपा. ती म्हणाली, मग आजपासून एक माळ तुझ्यासाठी जास्त जपते.

भल्या मनाची बाई.

२३ एप्रिल, रविवार

निकानोर आला होता. एलोदियाचा थोरला भाऊ. सणाच्या कमिटीचा प्रमुख. त्याच्या घरात सिमेंटची फरशी आहे आणि कोनाड्यात विजेच्या रंगीत माळा आहेत. मागच्या वर्षी मान त्याला हवा होता, चिठ्ठी माझी निघाली. तेव्हापासून तो वरचेवर आमची खुशाली विचारायला येतो आणि विचारताना आमच्या छपराकडे बघतो.

पेटीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, दाजी, ही पेटी आहे की धर्मशाळा? मी म्हणालो, कडी लावली की बघ. म्हणाला, कडी कुठाय? मी म्हणालो, तीच लावायची राहिलीय.

संध्याकाळी कडी लावली. तारेचा आकडा, आणि आकडा अडकवायला खिळा. आता वाऱ्यानेसुद्धा झाकण उघडणार नाही.

३० एप्रिल, रविवार

वाऱ्याने उघडलं नाही.

फेलिपाने डोक्याने झाकण ढकललं, आकडा आपोआप सुटला. तिची बुद्धी वाखाणण्यासारखी आहे. याची मला कल्पना नव्हती, म्हणजे चूक माझी नाही.

निकानोर नेमका तेव्हा कॉफी प्यायला बसला होता. टोपी काढून बाकावर ठेवली होती. निघताना टोपी उचलायला गेला तर टोपी भरलेली. त्याने जो आवाज काढला तो त्याच्या शरीरयष्टीला शोभणारा नव्हता. एलोदिया हसली. मग मला बघून हसणं थांबवलं.

निकानोर अंगणात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. दाजी, पुन्हा एकदा हे जनावर पेटीबाहेर दिसलं की संत माझ्या घरी. सण माझ्या अंगणात. कमिटीला आजच सांगतो. मी म्हणालो, सांग. तो म्हणाला, सांगतोच. मी म्हणालो, टोपी घेऊन जा. म्हणाला, ठेवा तुमच्या फेलिपाबाईला.

टोपी चांगली आहे. पेटीत ठेवली. फेलिपा तिच्यात झोपते.

संध्याकाळी कळलं, कमिटी निकानोरच्या बाजूने आहे. हरकत नाही. मी धमक्यांना घाबरणारा माणूस नाही. साप बाहेर दिसणारच नाही, तर संत जाईल कसा?

३ मे, बुधवार

आज पवित्र क्रूसाचा दिवस. गवंडी आणि सुतार आपापल्या बांधकामावर फुलांचा क्रूस लावतात. मी नव्या पेटीवर लावला. लाल-पिवळी फुलं, कागदाच्या झालरी. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. एक जण म्हणाला, काय सिक्स्तो, माडी चढवताय का? मी फक्त मान हलवली. कामाला काम म्हणून मान देणारी माणसं हल्ली राहिली नाहीत.

ही पेटी खरी पक्की. सेद्रो लाकडाच्या फळ्या. एलोदियाला स्वयंपाकघरात फडताळ करून देईन म्हणून या फळ्या ठेवल्या होत्या. फडताळ पुढच्या वर्षी. समोर कोंबड्यांची जाळी. जाळीच्या घरातून दोन बोटं जातात, तीन जात नाहीत.

एलोदिया म्हणाली, आणि तिचं डोकं? मी म्हणालो, डोकं तीन बोटांचं आहे. ती म्हणाली, मोजलंत? मी म्हणालो, बघून कळतं.

४ मे, गुरुवार

डोकं दोन बोटांचं आहे.

कोठाराच्या आढ्यावर सापडली. कोणी बघितलं नाही. एलोदियाने बघितलं, पण ती घरची.

जाळी दुहेरी केली.

११ मे, गुरुवार

फेलिपा काही खाईना. मी विचार केला, बंद पेटीत शिकार कुठून येणार? कोठारातला एक उंदीर पकडला आणि पेटीत सोडला. दोघं समोरासमोर बसले. बराच वेळ बघत बसलो. भांडण नाही, तंटा नाही. मला एकदम वाटलं, सृष्टीच्या आरंभी सगळे जीव असेच राहत असतील. मन भरून आलं. त्यांना एकांत द्यावा म्हणून मी मका सोलायला गेलो.

१२ मे, शुक्रवार

उंदराने मागचा कोपरा कुरतडला. आधी तो गेला, मागून ती. कोठारात उंदीर पूर्वीइतकेच. एखादा जास्तच.

फेलिपा मात्र सापडली आणि कुठे सापडली ते लिहून ठेवावं असं आहे. पुढच्या खोलीत, वेदीवर, सान आंतोनियोच्या पायाशी. मेणबत्त्यांच्या मागे वेटोळं घालून, मान वर करून. मी हात जोडून तिथेच उभा राहिलो. बाप्तिस्मा झालेल्या माणसांत अशी भक्ती बघायला मिळत नाही.

एलोदिया म्हणाली, तिथे ऊब असते म्हणून बसलीय. एलोदियासारख्या माणसांना सगळ्यात मेणबत्तीच दिसते.

कोपऱ्याला पत्रा ठोकला.

१५ मे, सोमवार

सान इसिद्रोचा दिवस. गावाने शेतांवर पवित्र पाणी शिंपडलं. मी थोडं बाटलीत घेतलं आणि पेटीवर शिंपडलं, चारी कोपऱ्यांवर. पत्र्याच्या कोपऱ्यावर जरा जास्त.

पेत्रामावशीने हे बघितलं. म्हणाली, बिजागरीला तेल घाल, त्याने जास्त फरक पडेल.

२३ मे, मंगळवार

अकरा दिवस शांततेत. मंगळवारच्या प्रार्थनेला बायका आल्या, गेल्या. निकानोर पडवीत डोकावला, फेलिपा टोपीत झोपलेली बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मी त्याला बसायला बाक दिला, बाकावर स्वतः हात फिरवून दाखवला. तो उभाच राहिला.

सणाची तयारी जोरात. डुक्कर ठरलं. मक्याच्या पिठाचे तमाल करायला कोण कोण येणार ते एलोदियाने ठरवलं. बँडवाले येणार. आमचं अंगण लहान आहे असं निकानोर सगळीकडे सांगत फिरतो. अंगण लहान असेल, पण मान मोठा आहे. लहानपणी आई मला या मूर्तीच्या मिरवणुकीला घेऊन जायची, तेव्हा मूर्ती ज्याच्या दारातून निघायची त्या माणसाच्या तोंडाकडे मी बघत राहायचो. त्या दिवशी सगळ्या गावात त्याच्याइतकं ताठ कोणी चालत नसे. यंदा त्या दारात मी.

२ जून, शुक्रवार

फेलिपा नाही.

दुहेरी जाळी शाबूत. पत्रा शाबूत. कडी शाबूत. टोपी रिकामी. पेटीचं दार मी काल पाणी ठेवायला उघडलं होतं आणि मग निकानोरच्या टोमण्याला उत्तर सुचलं म्हणून ते मनात घोळवत आत गेलो. दार लावलं होतं. बहुतेक.

पेटीवर पोतं टाकलं. एलोदियाने विचारलं, पोतं का? मी म्हणालो, कात टाकतेय, तिला अंधार लागतो. हे पूर्ण खोटं नाही. जिथे कुठे असेल तिथे टाकतही असेल.

४ जून, रविवार

कोठार उपसलं. लाकडाचा ढीग हलवला. पाण्याची मडकी, तव्याखालची चूल, छपराचं गवत, सगळं बघितलं. एलोदिया म्हणाली, काय शोधताय? मी म्हणालो, हातोडी. ती म्हणाली, हातोडी तुमच्या हातात आहे.

परवा मंगळवार. सणाआधीची शेवटची मोठी प्रार्थना. सगळ्या बायका येणार. निकानोर येणार. ती त्यांच्यात निघाली तर सगळं संपलं. चिंता नाही. मी शांत आहे. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

५ जून, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हरवलेली वस्तू सान आंतोनियो शोधून देतो हे जगाला माहीत आहे. आणि तो ऐकत नसेल तर काय करायचं हेही आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. गाय हरवलेला माणूस, नवरा न मिळालेली मुलगी, सगळे हेच करतात. आधी संताच्या हातावरचा बाळ येशू काढून घ्यायचा. तेवढ्यानेही झालं नाही तर संताला डोक्यावर उभा करायचा, काम होईपर्यंत. पण हे सगळं घरच्या वीतभर मूर्तीशी करतात. गावच्या मूर्तीला असं कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या घरात वीतभर मूर्ती नव्हती.

दुपारी एलोदिया गिरणीत मका दळायला गेली. मी दार ओढून घेतलं. संताची क्षमा मागितली. बाळ येशूला हलकेच काढून उशीवर ठेवलं आणि त्याच्यावर रुमाल घातला, त्याने बघू नये म्हणून. मग मूर्ती उचलली. मूर्ती म्हणजे वर डोकं आणि हात, कमरेखाली लाकडी पट्ट्यांचा पोकळ सांगाडा, त्याच्यावर तपकिरी झगा. वजन माझ्या आठवणीपेक्षा बरंच जास्त लागलं. पापाचं वजन असेल असं वाटलं. मनात म्हणालो, देवा, माझा मान तुझ्या हातात आहे, आणि संताला उलटं केलं.

त्याच क्षणी दार उघडलं. पेत्रामावशी आणि निकानोर. मावशीच्या हातात सणाचा नवा झगा, मूर्तीला मापाचा होतो का बघायला आणलेला.

मी मूर्ती डोकं खाली करून धरलेली. आणि झग्यातून, सांगाड्याच्या पट्ट्यांतून, फेलिपा संथपणे बाहेर येत होती. आधी डोकं. मग बाकीची.

निकानोरने टोपीवर हात ठेवला. नवी टोपी होती.

मग पेत्रामावशीने क्रूस काढला आणि विचारलं, काय हरवलं होतं रे? मला खोटं बोलता आलं नाही. संत हातात होता. म्हणालो, हीच. मावशी म्हणाली, मग दिली ना शोधून. आता त्याला सरळ कर, रक्त डोक्यात जाईल.

निकानोर मात्र मोकाट सुटला. संताच्या झग्यात साप, मानकऱ्याच्या हातात संत उलटा, गावाने आणखी काय बघायचं बाकी राहिलंय, असं म्हणाला. मी म्हणालो, चमत्कार तुझ्या डोळ्यांसमोर झाला आणि तुला टोपीची काळजी. तो म्हणाला, दाजी, चमत्कार नाही हो, साप होता तो.

६ जून, मंगळवार

प्रार्थना संपल्यावर कमिटी बसली. आमच्याच अंगणात, आमचीच कॉफी पिऊन. निकाल: रविवारी दुपारपर्यंत साप नाहीतर संत. दोन्ही एकत्र या घरात राहणार नाहीत.

मी उभा राहून उत्तर दिलं. म्हणालो, मी असल्या दटावण्यांना भीक घालत नाही. रविवारपर्यंत अशी पेटी करतो की तुम्हीच म्हणाल, दोन्ही राहू देत. मागे कोणीतरी खोकलं. बहुतेक हसू दाबलं असावं.

आता थांबणं नाही.

७ जून, बुधवार. संध्याकाळ

झाली. पडवीत उभी आहे, आणि तिच्याकडे बघून माझं मलाच नवल वाटतं. जुन्या दाराच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या, समोर बारीक जाळी, चार कड्या आणि एक कुलूप. एलोदिया विचारते, जुनं दार म्हणजे कुठलं? मागच्या खोलीचं. तिथे तूर्त पडदा लावला आहे.

८ जून, गुरुवार

आत.

९ जून, शुक्रवार. सकाळ

आत! बैल बांधून ठेवला तरी हलणार नाही अशी पेटी. निकानोरला निरोप पाठवला: येऊन बघ.

तो आला. चारही कड्या ओढून बघितल्या. म्हणाला, पेटी जमली दाजी. पण निकाल निकाल आहे. मी म्हणालो, मग तुझ्या निकालाला तू कड्या लाव.

संध्याकाळ

फेलिपाचं नाक सोललं आहे. जाळीवर घासते. रक्त वाळून काळं झालंय. मी कोमट पाण्याने पुसायला गेलो तर डोकं मागे घेतलं. चावली असती तर बरं वाटलं असतं.

हे चार दिवसांत बरं होईल. सवय लागते.

१० जून, शनिवार

आजही आत. पण मन लागेना.

दुपारी एलोदिया वेदीपुढची राख झाडत होती. मी पडवीतून म्हणालो, संताला सांग, उद्या मी कमिटीला ठणकावणार आहे. ती झाडणं न थांबवता म्हणाली, तुम्हीच सांगा की. एप्रिलपासून त्याच्यापुढे मीच बसते. मेणबत्ती मी लावते, माळ मी जपते. बायका विचारतात, मानकरी कुठायत? मी सांगते, पेटीपुढे. तुम्ही मानाची एवढी वाट बघितलीत, अहो, आणि मान आल्यावर त्याच्याकडे पाठ करून बसलात. घेऊन जाऊ दे निकानोरला. निदान तो समोर तरी बसेल.

मी पुढच्या खोलीत जाऊन बसलो. बसल्यावर दिसलं की बाळ येशू जरा वाकडा बसलाय. सोमवारी मीच घाईत बसवला होता. कोणाच्या लक्षात आला नव्हता, कारण लक्ष देणं माझं काम होतं. सरळ केला. माळ घेतली. अर्ध्यावर शब्द चुकले, पुन्हा सुरुवात केली.

फेलिपाच्या नाकाला एलोदियाने मध लावला, मी न सांगता.

माझा निर्णय झाला आहे. निर्णय माझा आहे. कमिटीशी त्याचा काही संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

११ जून, रविवार

सकाळी फेलिपाला सोडून आलो.

पोत्यात घालून नेता आलं असतं. पण ती माझ्या पेटीतून, माझ्या हाताने उघडलेल्या दारातून, मानाने बाहेर पडावी असं मी ठरवलं होतं. पेटी उचलायला गेलो तर हलेना. एवढी पक्की केलेली. दांड्याला बांधली, पण दांड्याचं दुसरं टोक धरायला माणूस हवा. मी निरोप पाठवला नव्हता, तरी निकानोर आला. दांडा खांद्यावर घेतला. म्हणाला, चला दाजी. चढावर त्याला धाप लागली, मी थांबलो. थकलो म्हणून नाही.

झऱ्याच्या पलीकडे, जिथे रान कधी पेटवत नाहीत, तिथे पेटी ठेवली. कुलूप काढलं. एकेक करून चारही कड्या काढल्या. दार पूर्ण उघडलं आणि समोर गवतात बसलो. थोडं बोलायचं ठरवून आलो होतो. तू धुरातून आलीस, आता हिरव्यात जा, असं काहीतरी. निकानोर बाजूला एका खडकावर चढून उभा राहिला, टोपी छातीशी धरून.

बराच वेळ गेला. दारातून कोणी येईना. मला वाटलं, जावंसं वाटत नसेल. डोळे भरून आले. म्हणालो, फेलिपा, जा. मी रागावणार नाही.

निकानोर खडकावरून हळूच म्हणाला, दाजी, मागे बघा.

ती पेटीच्या मागच्या बाजूने केव्हाच बाहेर पडली होती. शेपटाकडचा हातभर भाग गवतात दिसत होता, मग तोही दिसेना. मी पेटीला वळसा घालून गेलो. मागच्या फळीखाली, जिथे पाण्याची थाळी ठेवत होतो तिथे, फट होती. आजची नव्हती. फटीची कड घासून घासून गुळगुळीत झाली होती, आतूनही आणि बाहेरूनही.

म्हणजे गुरुवारीही जात होती. शुक्रवारीही. आणि सकाळी परत येऊन बसत होती.

मी फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. निकानोरनेही बघितलं. तो काही बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो फक्त म्हणाला, ऊन चढतंय, दाजी. सणाची कामं आहेत. संत वाट बघतोय तुमच्या घरी.

मी दार लावलं. चारही कड्या घातल्या, कुलूप लावलं, ओढून बघितलं. पक्कं बसलं होतं. मग आम्ही दोघांनी रिकामी पेटी खांद्यावर घेतली आणि खाली आलो.